मोजमाप आमच्या रानाचे, वही कोणाची?

ड्रोन म्हटले की आता आपल्याला फवारणी आठवते. २०२३ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा झाली. नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये सरकारचे, बाकीचे कर्ज. फवारणीचा हा ड्रोन आपल्या पऱ्हाटीला कितपत मानवतो यावर पुन्हा कधीतरी लिहू. आजचा प्रश्न निराळा आहे. ड्रोनला दुसरे एक काम लावायचे घाटते आहे. रानात पुरलेल्या सेन्सरांनी मोजून ठेवलेली ओल, तापमान, हवेतला दमटपणा ही सगळी माहिती वरून उडत जाऊन गोळा करून आणायची. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत यावर वीसेक वर्षे काम चालू आहे. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये धरले. त्यातही ड्रोन आणि सेन्सर हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे आज ना उद्या कोणी तरी पेट्या आणि करारनाम्याचे कागद घेऊन आपल्या शिवारात उतरणार. तो उतरण्याआधी ही वस्तू काय आहे आणि कोणाच्या कामाची आहे, हे आपल्या बैठकीत बोलून घेतलेले बरे.

आधी वस्तू समजून घेऊ. सेन्सर म्हणजे मातीत खुपसलेली एक सळई आणि तिच्याशी जोडलेली साबणाच्या वडीएवढी डबी. कोरड्या मातीचा विजेला प्रतिसाद एक, ओल्या मातीचा दुसरा. या फरकावरून डबी ओल ताडते आणि आकडा आपल्याजवळ टिपून ठेवते. डबीत सेल असतो आणि एक लहानसा रेडिओ. अशा पंचवीस-पन्नास डब्या रानात पसरून त्या एकमेकींशी रेडिओवर बोलू लागल्या की त्याला बिनतारी सेन्सरांचे जाळे म्हणतात. एक डबी शेजारच्या डबीला आकडा सांगते, ती पुढच्या डबीला, असे करत करत आकडा गावातल्या मोठ्या पेटीपर्यंत पोचतो. विहिरीवर आग लागली की माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसेच.

कोरडवाहू शेतीसाठी असे जाळे आपल्या शेजारच्या कर्नाटकात फार आधी उभे राहिले. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडा तालुक्यात चेन्नकेशवपुरा नावाचे गाव आहे. भुईमुगाचा, कमी पावसाचा मुलूख. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे तंत्रविद्यापीठ यांनी २००४ च्या सुमारास तिथे काम सुरू केले. जमिनीतली ओल मोजायची, गावातल्या ठाण्यावर गोळा करायची आणि बंगळूरला पाठवायची. त्यांची सुरुवात आम्हाला आवडली. यंत्र आणण्याआधी त्यांनी लहान शेतकऱ्यांना विचारले होते की तुम्हाला नेमके काय कळायला हवे आहे. हा प्रश्न विचारायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

बादल्यांच्या रांगेत मात्र दोन खोडी आहेत. पहिली अशी की ठाण्याजवळच्या डब्यांना स्वतःचे आकडे तर पाठवावे लागतातच, शिवाय मागच्या सगळ्यांचे आकडेही पुढे ढकलावे लागतात. रेडिओ बोलताना जितका सेल खातो तितका मोजताना खात नाही. मग ठाण्याजवळच्या डब्या आधी मरतात आणि मागच्या जिवंत असूनही मुक्या होतात. दुसरी खोड आपल्या पिकाची आहे. पानात पाणी असते आणि पाणी रेडिओच्या लहरी पिते. जूनमध्ये तास काढले तेव्हा डबीला डबी दिसत होती. सप्टेंबरात पऱ्हाटी छातीला लागली आणि ज्वारी डोक्यावर गेली की त्याच डब्यांचे बोलणे तुटते. पीक जोमात आले, आकडे हवेत, अशा ऐन वेळी यंत्र बहिरे.

इथे ड्रोन येतो. पिकातून आडवे बोलण्यापेक्षा वर आभाळाकडे बोलणे सोपे. डबीने आठवडाभर गप्प राहून आकडे पोटात साठवावेत, ठरल्या दिवशी ड्रोन डोक्यावर आला की जागे व्हावे, चार-दोन सेकंदांत सगळे ओकून टाकावे आणि पुन्हा झोपावे. कोणी कोणाची बादली वाहायची नाही. सेल कितीतरी जास्त टिकतो. लाल पेटीत पत्रे पडून राहतात, पोस्टमन येतो, पेटी उघडतो आणि घेऊन जातो. ड्रोन हा तो पोस्टमन.

ही युक्ती ड्रोनच्याही आधीची आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये असा माहिती वाहणारा जो कोणी असेल त्याला ‘खेचर’ हेच नाव दिले, गोणी वाहणारे खेचर. केनियात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी रानातल्या झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधले. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे एकमेकांची माहिती उतरवून घेत आणि संशोधक ती मधूनमधून येऊन गोळा करीत. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात तर साध्या प्रवासी बसवर रेडिओची पेटी बसवली होती. बस गावात थांबली की गावाच्या संगणकातली जमिनीच्या उताऱ्याची कामे बसमध्ये चढायची आणि तालुक्याला जाऊन उतरायची. त्या योजनेचे नावच ‘डाकनेट’. आपली एस.टी. हेच काम करू शकली असती, पण तिला आधी वेळेवर यावे लागले असते. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात तर पुढची पायरी गाठायचा प्रयत्न झाला. ड्रोनने जवळ जाऊन तारेशिवाय सेन्सरचा सेलच भरायचा. नेब्रास्काही मक्याचा आणि ज्वारीचा मुलूख आहे. मात्र तिथल्या एकेका शेतात आपले अख्खे गाव मावेल.

आता आपल्या मापाने हिशेब करून पाहू. दर अर्ध्या तासाला एक नोंद, नोंदीला वीस अक्षरांएवढी जागा. दिवसाला ४८ नोंदी, आठवड्याला ३३६. सगळी मिळून सात हजार अक्षरेही भरत नाहीत. हे संपादकीय याहून लांब आहे. इतकी माहिती उतरवायला दोन-तीन सेकंद पुरतात. डबी जागी होणे, ओळख पटणे, चुकले तर पुन्हा विचारणे हे धरून प्रत्येकी १५ सेकंद धरा. सव्वादोनशे मीटरवर एक अशा २५ डब्या लावल्या तर सुमारे सव्वाशे हेक्टर, म्हणजे तीनशे एकरांचे शिवार झाकले जाते. ड्रोनला जाऊन-येऊन सात किलोमीटर पडतील. सेकंदाला ८ मीटर वेगाने हे साडेचौदा मिनिटांचे उडणे आणि थांबण्याची सव्वासहा मिनिटे, एकूण जवळपास २१ मिनिटे. लहान ड्रोनची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटे चालते. म्हणजे काम बसते, पण काठावर. आषाढातला वारा सुटला तर बसत नाही. पावसात तर तो उडतच नाही. जोडीला आणखी एक-दोन बॅटऱ्या हव्यात. यासाठी फवारणीचा दहा लाखांचा ड्रोन लागत नाही. दोन किलोच्या आतला लहान ड्रोन पुरतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांच्या खाली उडवायला वेगळी परवानगीही लागत नाही. आणि डब्यांच्या रेडिओला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय मोकळा आहे.

याच हिशेबात एक गोम आहे. २५ डब्यांत सव्वाशे हेक्टर म्हणजे पाच हेक्टरांना एक डबी. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातले सरासरी खाते १.३४ हेक्टरांचे. म्हणजे चार खातेदारांत मिळून एक सळई, आणि ती एकाच्याच रानात. त्याचे रान नदीकाठचे, तीन हात खोल काळे. वरच्या अंगाला दुसऱ्याचे मुरमाड, वीतभर खाली खडक. पाऊस एकच पडला तरी एकाला चौथ्या दिवशी वाफसा आणि दुसऱ्याच्या पिकाने आठव्या दिवशी माना टाकलेल्या. हे सांगायला सेन्सर लागत नाही, ढेकूळ हातात घेणाऱ्या कोणालाही कळते. म्हणून डब्या सारख्या अंतरावर न पेरता मातीच्या जातीप्रमाणे पेरायला हव्यात, आणि कुठली माती कुठे सुरू होते हे गावातल्या जुन्या माणसाला विचारून ठरवायला हवे.

काळ्या जमिनीची आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेतल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. ती फुगते आणि आकसते. मार्गशीर्ष-पौषात चार बोटे रुंद भेगा पडतात. भेग सळईच्या अंगाला पडली की सळई मातीऐवजी हवा मोजते. जमिनीत हातभर खाली ओल असेल आणि आकडा म्हणेल की रान जळाले. म्हणून कंपनीने कारखान्यात लावून दिलेले माप आपल्या जमिनीत चालत नाही. ते इथल्या मातीवर पुन्हा लावून घ्यावे लागते. रीत सोपी आहे. सळईजवळची ओली माती तोलायची, भट्टीत १०५ अंशांवर २४ तास वाळवायची, पुन्हा तोलायची. फरक आला ती खरी ओल. त्याच्याशी डबीचा आकडा ताडून पाहायचा. हे काम आपल्या कृषी विज्ञान केंद्रात होऊ शकते. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राला तर १९३३ पासूनची परंपरा आहे. हे करून दिल्याशिवाय कोणी आकडे दाखवू लागला तर ते आकडे मानू नका.

मग उपयोग कशाला? आम्हाला विचाराल तर सर्वांत आधी रब्बी ज्वारीला. शाळू हे पीक साठलेल्या ओलीवर येते. भाद्रपद-आश्विनात पेरायची की हरभऱ्यावर जायचे, हा निर्णय दोन-तीन फूट खाली किती ओल मुरली आहे यावर असतो आणि तिथे आपला हात पोचत नाही. पुढे पोटरीच्या वेळी विहिरीत एकाच पाळीचे पाणी उरलेले असते. ते कोणत्या तुकड्याला द्यायचे, दहा दिवस थांबले तर चालेल का, हेही खालची ओलच सांगते. ही ओल हळूहळू उतरते. आठवड्यातून एकदा पोस्टमन आला तरी काही बिघडत नाही. हिवाळ्यात आभाळ मोकळे, वारा कमी. ड्रोनलाही हाच हंगाम सोयीचा.

कपाशीत तसे नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली असे धरतात. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केले ते आपण कोणी विसरलेलो नाही. तीन रात्रींचा हिशेब असलेल्या गोष्टीला आठवड्याचा पोस्टमन काय कामाचा? अळी पत्राची वाट पाहत नाही. हल्ली कॅमेऱ्याचे सापळे निघाले आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही त्यावर काम केले आहे. त्यांनी थेट मोबाईलवर सांगावे हेच योग्य. उलट पुढे-मागे पानांचे आणि बोंडांचे भरपूर फोटो साठवून ठेवणाऱ्या डब्या आल्या तर त्यांचे ओझे लहान रेडिओला झेपणार नाही. तेव्हा जवळ येऊन भराभर उतरवून घेणाऱ्या ड्रोनला पुन्हा अर्थ येईल.

आणि मोबाईलचा विषय निघालाच आहे तर सरळ विचारू. ज्या गावात मनोरा आहे, फोन लागतो, तिथे हा ड्रोन हवाच कशाला? देवळाच्या शिखरावर किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक पेटी बसवली, डब्यांना लांब पल्ल्याचा रेडिओ दिला, तर कित्येक ठिकाणी आकडे रोज आपोआप येतील. पेटीला पायलट लागत नाही, बॅटऱ्या बदलाव्या लागत नाहीत. ड्रोन दिसायला झकास, उद्घाटनाला त्याहून झकास. पेटीचा फोटो कोणी छापत नाही. म्हणून भीती वाटते की जिथे पेटीने भागते तिथे ड्रोन दिला जाईल आणि जिथे डोंगराआड, जंगलकडेला फोनच लागत नाही, तिथे काहीच जाणार नाही. मेळघाटाच्या पायथ्याची, अजिंठ्याच्या डोंगरातली, पैनगंगेच्या काठची जी गावे लहरींच्या बाहेर आहेत, ड्रोनचा पहिला हक्क त्यांचा. रानडुकराने डबी उकरली, वखराच्या पाशीत तार तुटली, सेल संपला तर जाऊन पाहणारा माणूस कोण, त्याची मजुरी कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. अनुदानात यंत्र असते, माणूस नसतो.

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. आपल्या रानाची ओल दर अर्ध्या तासाला मोजली जाणार, ड्रोन ती घेऊन जाणार. कुठे?

आज आपल्या आभाळाचा निवाडा कसा होतो ते पाहा. २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळाला एक याप्रमाणे २,०६५ स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. राज्यात गावे चाळीस हजारांवर. म्हणजे सरासरी वीस गावांच्या पावसाची साक्ष एका नळकांड्याने द्यायची. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या महिन्यात किती दिवसांचा खंड पडला यावर विम्याची आगाऊ भरपाई ठरणार होती. मंडळाच्या गावात एक सर पडली की खंड मोडला. बारा किलोमीटरवरच्या शिवारात धूळ उडत असली तरी मोडला. २०२३ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक देण्याची ‘विंड्स’ योजना काढली. ती चांगलीच आहे, पण पर्जन्यमापक पडलेला पाऊस सांगतो, मुळापाशी उरलेली ओल सांगत नाही. २०२५ च्या खरिपापासून तर राज्यात एक रुपयाचा विमाही गेला आणि भरपाईचा भार पीककापणी प्रयोगावर आला. अशा वेळी आपल्या रानातल्या सळईचे आकडे ही आपली साक्ष होऊ शकते. सळई म्हणते की २१ दिवस एक फुटावर ओल नव्हती. मंडळाचे नळकांडे काहीही म्हणो.

पण तीच साक्ष उलटही फिरू शकते. आकडे आधी विमा कंपनीच्या हातात गेले, आपल्याला दिसलेच नाहीत, तर कोणते दाखवायचे आणि कोणते झाकायचे हे तीच ठरवील. मुरमाड रानाचा चार वर्षांचा ओलीचा इतिहास बँकेच्या पडद्यावर आला तर तो गट नंबर ‘धोक्याचा’ ठरून पीककर्ज आखडेल. आणि आता शेतकरी ओळख क्रमांक झाला आहे. डबी गट नंबराला आणि गट नंबर ओळख क्रमांकाला जोडला की सगळे धागे एका बोटाला.

ही भीती आम्ही उगाच घालत नाही. आपल्या कापसाशी जिचे नाव २००२ पासून जोडलेले आहे, त्या मोन्सॅन्टो कंपनीने २०१३ मध्ये सुमारे ९३ कोटी डॉलर मोजून एक कंपनी विकत घेतली. ती बियाणे करीत नव्हती, औषधही करीत नव्हती. ती हवामानाची आणि शेताची आकडेवारी चाळून शेतकऱ्यांना विमा आणि सल्ला विकत होती. आकड्यांची किंमत आपल्याला कळली नसली तरी घेणाऱ्याला कळलेली आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना ती लगेच जाणवली. २०१४ मध्ये त्यांच्या फार्म ब्युरो संघटनेने या बड्या कंपन्यांना टेबलावर बसवले आणि शेतात तयार झालेली माहिती शेतकऱ्याची, असे तत्त्व लिहून घेतले. त्या तत्त्वांना कायद्याचा दात नाही, हे खरे. पण हजारो एकरांच्या मालकांना जे लिहून घ्यावेसे वाटले ते आपण तीन एकरवाल्यांनी तोंडी का सोडावे? आपल्याकडे २०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. पण रानातली ओल ही व्यक्तीची माहिती की जमिनीची, यावर वकिलांचे दोन पक्ष पडतील आणि तोवर आकडे कुठल्या कुठे गेलेले असतील.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठेवतो. यंत्राला दारातून परत पाठवायचे कारण नाही. ज्याला ते हवे आहे त्याने घ्यावे, गटाने घ्यावे, कर्ज काढून नव्हे. पण कोणत्याही संस्थेच्या, कंपनीच्या किंवा खात्याच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद मराठीत मागावा. ड्रोनने उतरवलेला आकडा सर्वांत आधी त्या रानाच्या मालकाच्या फोनवर यावा, आणि फोन साधा असेल तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. एक पूर्ण प्रत गटाच्या ताब्यात राहावी. विमा कंपनी, बँक, बियाणेवाला यांपैकी कोणालाही ती दर वेळी वेगळी सही घेतल्याशिवाय मिळू नये. विम्याच्या दाव्यात शेतकऱ्याने दाखवलेले आकडे पुरावा म्हणून धरण्याचे लेखी आश्वासन कृषी खात्याकडून घ्यावे. करार संपला की डब्या काढून न्याव्यात आणि मागची नोंद पुसल्याचे लिहून द्यावे. यांतल्या एका अटीवरही समोरचा कुरकुरला तर पेटी उघडू देऊ नये.

तालुका प्रतिनिधींनी बैठकीला येताना दोन याद्या आणाव्यात. एक, आपल्या तालुक्यातल्या कोणत्या शिवारात फोन लागत नाही. दुसरी, मंडळाच्या हवामान केंद्रापासून प्रत्येक गाव किती किलोमीटर आहे. अंतर रस्त्याने नको, सरळ रेषेत मोजून आणा.